प्रभागाची मागणी मंजूर होते कशी : बस, दिवे, ओढे आणि पाचट (सांगली-मिरज-कुपवाड व आसपास)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडे निवेदनांचा तुटवडा नाही. नेहमीचं निवेदन असं असतं : रस्ते खराब, दिवे बंद, बस वेळेवर नाही, ओढा तुंबलाय, डास वाढलेत, बागेत झोपाळे नाहीत, आणि शेवटी हवामान बदलाचा विचार करून झाडं लावावीत. अकरा मागण्या, एक पान, सव्वाशे सह्या, फुलांच्या गुच्छासह फोटो. आवक विभाग ते बांधकामकडे पाठवतो. बांधकामवाले त्यातला रस्ता तेवढा उचलतात, 'निधी उपलब्धतेनुसार' असा शेरा मारतात आणि फाईल बंद होते. उरलेल्या दहा मागण्या कुठल्याच टेबलावर पोचत नाहीत.

म्हणून या धाग्यात विषय आवळून घेऊ. एका अर्जात एकच मागणी. तिच्यावर सही करू शकणारा अधिकारी कोण, तिचा पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून) येतो, आणि अर्ज कुठल्या महिन्यात द्यायचा, एवढं ज्याला माहीत आहे त्याने लिहावं.

सुरुवातीला दोन गोष्टी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत : दिवाबत्ती, सफाई, गटारं, पाणी. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत, शहर वाहतूक त्यात येते. दिवा बंद असेल तर 'कर्तव्य पार पाडा' म्हणता येतं, बस मागताना तसं म्हणता येत नाही, तिथे हिशोब मांडावा लागतो. दोन्ही अर्जांची भाषाच वेगळी.

दुसरं, हवामानाचं वेगळं निवेदन करू नका. बस, दिवे, ओढा आणि ओला कचरा हीच शहराची हवामान कृती आहे. सेवेची मागणी आधी, कार्बनचा आकडा तिच्या खाली एका ओळीत. कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैच्या आत पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो. त्या अहवालात आपला आकडा जावा असा अर्ज मे महिन्यात करता येतो. हे फारसं कोणी करत नाही, म्हणून अहवालात त्याच त्या पानांची भर पडते.

भारमान

बसचं मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीच्या पत्त्यावर जाणारे अर्ज याच विषयाचे.

सांगली-मिरज शहर बस एसटी चालवते. फेरीची मागणी महापालिकेत दिली तर ती 'पुढील कार्यवाहीस्तव' एसटीकडे जाते आणि तिथेच मुक्काम करते. फेरी सुचवतो आगार व्यवस्थापक, मंजूर करतो विभाग नियंत्रक. अर्ज विभाग नियंत्रकांच्या नावे, प्रत आगाराला. थांब्याचा निवारा आणि फूटपाथ ही मागणी तेवढी महापालिकेकडे, वेगळ्या कागदावर.

एसटीच्या टेबलावर चालणारा आकडा एकच, भारमान. प्रवासी-किलोमीटर भागिले आसन-किलोमीटर. उदाहरणार्थ ४४ आसनांची गाडी १० किमी गेली तर ४४० आसन-किमी झाले. त्यात ३० जण पूर्ण १० किमी आणि २० जण ४ किमी बसले तर ३०० अधिक ८० म्हणजे ३८०. भारमान ८६ टक्के. आता तीच गाडी परतताना दहा माणसं घेऊन आली तर दोन्ही फेऱ्यांची सरासरी ५५ च्या आसपास येते. 'गाडीत उभं राहायला जागा नसते' हे तुमचं म्हणणं आणि 'या मार्गावर भारमान नाही' हे आगाराचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं ते यामुळे.

त्यामुळे मोजणी दोन्ही दिशांची करा. जागा अशी निवडा जिथे गाडी सगळ्यात जास्त भरलेली असते. सांगली-मिरज रस्त्यावर ती साधारण विश्रामबागच्या आसपास सापडेल. थांब्यावर दोघं हवेत. एकजण पाटी, गाडी क्रमांक आणि वेळ लिहितो, दुसरा माणसं मोजतो. रकाने पाच : ठरलेली वेळ, आलेली वेळ, बसलेले, उभे, आणि थांब्यावर राहिलेले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण कंडक्टरच्या मशीनमध्ये चढलेला माणूस दिसतो, न चढलेला दिसत नाही. हा आकडा एसटीकडे नसतोच. सकाळी ७ ते १०.३० आणि संध्याकाळी ४.३० ते ८, मंगळवार ते गुरुवार तीन दिवस आणि एक शनिवार. गणपती, उरूस, परीक्षा, कॉलेजची सुट्टी हे आठवडे टाळा, नाहीतर पहिलीच शंका त्यावर येईल.

मागणीचा क्रम पण महत्त्वाचा. आधी वेळ बदलून मागा, त्यात एक किलोमीटरही वाढत नाही आणि आगार पातळीवर काम होतं. मग अस्तित्वातल्या फेरीचा मार्ग वाढवून मागा. नवी फेरी सगळ्यात शेवटी. नव्या फेरीला गाडी, चालक, वाहक आणि डेपोपासूनचं रिकामं धावणं सगळं लागतं.

कार्बनच्या ओळीबद्दल. डिझेल लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. बस साडेचार किमीचं ॲव्हरेज देते असं धरलं तर किलोमीटरला साधारण ६०० ग्रॅम. पेट्रोल लिटरला २.३ किलो, दुचाकी पन्नासचं ॲव्हरेज दिली तर ४६ ग्रॅम. म्हणजे एकेकट्याने दुचाकीवर जाणाऱ्या तेरा माणसांची भरपाई झाली की बस फायद्यात. बसमध्ये आठच माणसं असतील तर ती दुचाक्यांपेक्षा वाईट आहे! हवामानाच्या नावाने रिकाम्या फेऱ्या मागू नयेत, भरणाऱ्या मागाव्यात.

विश्रामबाग_परत

ई-बस आल्या की हा प्रश्नच मिटेल ना? केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत तीन लाखांवरची शहरं आहेत, आपण बसतो त्यात.

भारमान

बसतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. बारा मीटरची ई-बस किमीला सव्वा युनिटच्या आसपास खाते, नऊ मीटरची एक युनिटच्या आतबाहेर. आपल्या ग्रीडची वीज युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन सोडते. गुणाकार केला तर नऊ मीटरची किमीला ७०० ग्रॅमच्या आसपास आणि बारा मीटरची पावणेनऊशेच्या आसपास येते, म्हणजे आजच्या घडीला ई-बस डिझेलच्या ६०० ग्रॅमच्या वरच जाते. डेपोच्या छतावर सौर बसवलं किंवा ग्रीड सुधारली की फरक पडत जाईल. धुराचा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात प्रमाणापेक्षा खराब हवेच्या शहरांच्या यादीत सांगली आहे, त्यामुळे ई-बसच्या अर्जात कार्बनपेक्षा धूर आणि धूळ लिहा. पीएम १० चं (हवेतल्या बारीक धुळीचं) वार्षिक प्रमाण ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तुलना त्याच्याशीच करा.

आणि ई-बस अडते ती गाडीवर कमी, डेपोवर जास्त. जागा, उच्चदाब वीजजोडणी, ट्रान्सफॉर्मर, चार्जरचा पाया. विचारायचं असेल तर 'बस कधी येणार' असं विचारू नका. 'डेपोच्या वीजजोडणीची मागणी महावितरणकडे कुठल्या तारखेला नोंदवली आणि तिची सद्यस्थिती काय' असं विचारा. या प्रश्नाला तारीखच द्यावी लागते.

कुपवाड_नाका

हे सगळं ठीक आहे, पण मोर्चा काढल्याशिवाय इथे काही हलत नाही. तुमचे रकाने बघून कोणी घाबरत नाही.

कृष्णाकाठ

मोर्चाला विरोध नाही. फाईल तयार होऊन सहीला अडली असेल तेव्हा मोर्चाने सही होते. फाईलच नसेल तर मोर्चाला आश्वासन मिळतं, आणि आश्वासनाला लेखाशीर्ष नसतं.

फीडर_पिलर

दिव्यांचं काम तुलनेने सोपं आहे, पण तक्रार नीट लिहिली तर. 'आमच्या गल्लीत अंधार' ही तक्रार वायरमनला काहीच सांगत नाही. खांब क्रमांक लिहा. खांबावर नंबर पुसला असेल तर जवळच्या घराचा मिळकत क्रमांक. आणि लक्षण लिहा.

एकच दिवा बंद : बहुधा एलईडीचा ड्रायव्हर गेला. व्होल्टेज वर-खाली झालं किंवा वीज कडाडली की आधी ड्रायव्हर जातो, दिव्याच्या चिप शाबूत असतात. एकाच रांगेतले दर तिसरे दिवे बंद : एक फेज गेला. अख्खी रांग बंद : फीडर पिलरमधला (रस्त्याकडेच्या वीजपेटीतला) फ्यूज किंवा कॉन्टॅक्टर, कधी केबल. पाऊस आला की बंद, उन्हं पडली की चालू : जॉइंटमध्ये पाणी. दिवसा चालू : टायमरचं घड्याळ वीज गेल्यावर मागे पडलं. हे शेवटचं लोकांना फारसं टोचत नाही, पण १२० वॅटचे ४० दिवे दिवसाचे तेरा तास जळले तर रोज ६२ युनिट जातात.

जिथे अजून जुने सोडियमचे दिवे आहेत तिथे हिशोब सरळ आहे. २५० वॅटचा सोडियम चोकसह २८० वॅट धरा. रोज ११ तास, वर्षाला ४०१५ तास, ११२४ युनिट. त्याजागी १२० वॅटचा एलईडी ४८२ युनिट. खांबामागे वर्षाला ६४२ युनिट वाचले, म्हणजे साधारण साडेचारशे किलो कार्बन. पन्नास खांबांच्या रस्त्याला ३२ हजार युनिट. हा आकडा विद्युत विभागाला नको असतो, लेखा विभागाला हवा असतो. म्हणून प्रत मुख्य लेखाधिकाऱ्यांना द्या.

घोळ होतो तो देखभालीत. ठेका देताना दिवे बसवायचे पैसे असतात, बदलायचे ड्रायव्हर साठ्यात नसतात. निविदेची प्रत मागवली की त्यात दुरुस्तीची मुदत आणि उशिराचा दंड दोन्ही बघायला मिळतात. दंडाचं कलम असेल तर तक्रारीची तारीख आणि दुरुस्तीची तारीख एवढंच मांडून 'ठेकेदाराच्या बिलातून किती वजा केले' विचारायचं.

अजून एक. नवा खांब मागण्याआधी फांदी बघा. खांबांतलं अंतर २५ ते ३० मीटर असताना मधे काळोख पडत असेल तर नव्वद टक्के वेळा झाड दिव्यासमोर आलेलं असतं. छाटणीचा अर्ज उद्यान विभागाकडे जातो, विद्युतकडे नाही. छाटणी म्हणजे छाटणी, बुंध्यापासून उडवायची परवानगी नव्हे, हे अर्जात लिहिलेलं बरं.

मिरज_मार्केट

+१. झाडांचा विषय निघालाच आहे तर : २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. रस्तारुंदीत असं झाड असेल तर वृक्ष प्राधिकरणाच्या सूचनेवर हरकत मुदतीतच गेली पाहिजे, नंतर गेलेली हरकत ही नुसती हळहळ. भोसेच्या वडासाठी २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाची आखणी बदलली, ती झाड उभं असताना आवाज उठला म्हणून.

कोर्ट_फी

पद्धतीचं मी लिहितो. यात लोक तीन दारं एकमेकांत मिसळतात.

लोकशाही दिन : जिल्हाधिकारी आणि महापालिका पातळीवर पहिल्या सोमवारी, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. संस्थेच्या किंवा पक्षाच्या लेटरहेडवरचा अर्ज घेत नाहीत. म्हणून शंभर सह्यांचं निवेदन इथे आणू नका, ते परत येईल. तेच काम दहा घरांनी आपापल्या नावाने दहा अर्ज देऊन होतं, प्रत्येकाचा स्वतःचा खांब, स्वतःचं गटार.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ : फक्त अधिसूचित सेवांना. नळजोडणी, दाखले, मालमत्ता कराचा उतारा वगैरे. प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आणि उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. बसफेरी किंवा ओढा यात बसत नाही, उगीच तिथे वेळ घालवू नका.

माहिती अधिकार : जोडपत्र अ, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. पाच विषय एका अर्जात घातले की त्यातला सगळ्यात निरुपयोगी निवडून त्याचं उत्तर येतं. 'का केलं नाही' विचारू नका, कारण माहितीत मतं येत नाहीत. कागद मागा : कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीची) पानं, फाईलवरच्या टिपण्या. खरं तर प्रतीपेक्षा अभिलेख पाहणी मागणं शहाणपणाचं. पहिला तास फुकट असतो, आणि फाईल हातात आल्यावर कुठला कागद हवा ते कळतं. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, वीस रुपये. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, तिथे मात्र थांबायची तयारी ठेवा.

आता महिने. अर्थसंकल्पाची जुळवाजुळव विभागांत नोव्हेंबर-डिसेंबरात होते, आयुक्तांचा मसुदा फेब्रुवारीच्या सुमारास येतो, ३१ मार्चच्या आत मंजुरी. मार्चमध्ये दिलेलं निवेदन पुढच्या वर्षासाठी पण उशिराचं आणि चालू वर्षासाठी पण. दिवाळी झाली की द्या. ऑगस्ट २०२३ पासून महापालिकेवर प्रशासक होते तेव्हा सगळं आयुक्तांपाशीच होतं. जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर सभा आणि स्थायी समिती परत आली आहे, तेव्हा प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकच कागद, एकाच दिवशी, वेगवेगळी पोच. एकालाच दिला तर बाकीचे तो त्याचा म्हणून सोडून देतात.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्यात हे कलम ६३ चालेल का?

कोर्ट_फी

नाही. सातारा नगरपरिषद आहे, तिथे १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, कर्तव्यं कलम ४९ मध्ये. अर्ज मुख्याधिकाऱ्यांना. हद्दवाढीत आलेल्या भागांत आधी बघा की रस्ता आणि दिवे नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेत का. हस्तांतरणाचा कागदच नसेल तर पहिली मागणी ती.

गावभाग

ओढ्यांवर कोणीच लिहिलं नाही, आणि सांगलीत हवामानाचा विषय म्हणजे पाणीच.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं, आणि ते काठ ओलांडून येत नाही. नदी चढली की ओढ्यातून उलटं येतं. कोयना-अलमट्टी धरणं, त्यांची उंची, विसर्ग यावर इथे शेकडो धागे झालेत. तो वाद मोठा आहे आणि वर्षानुवर्षं चालू आहे, पण प्रभागाच्या हातात तो नाही. ओढ्याचं तोंड हातात आहे.

मान्सूनपूर्व सफाईत काय बिघडतं ते बघा. जेसीबी गाळ काढून काठावरच टाकतो, पहिल्या वळवाला तो परत आत. रस्त्याखालच्या मोरीत बकेट पोचत नाही, म्हणून मधला भाग साफ आणि मोरी तशीच, आणि पाणी अडतं मोरीतच. बिल मशीनच्या तासांवर निघतं, किती खोल गेलं यावर नाही. म्हणून मागणी अशी करायची : दर ३० मीटरवर आणि प्रत्येक मोरीच्या दोन्ही बाजूंना तळाची पातळी, सफाईआधी आणि नंतर, ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या यंत्राने) घेऊन मोजमाप पुस्तकात नोंदवावी. गाळ ४८ तासांत उचलून वजनकाट्याच्या पावत्या जोडाव्यात. निविदा फेब्रुवारीत, कार्यादेश १५ एप्रिलच्या आत, काम ३१ मेच्या आत. यातलं एकही वाक्य जादा पैसे मागत नाही, म्हणून नाकारायला कारण उरत नाही.

ओढ्याच्या तोंडाशी झडपा बसवा अशी मागणी दर पुरानंतर होते. बरोबर आहे, पण अर्धी आहे. झडप बंद झाली की नदीचं पाणी आत येत नाही, तसं गल्लीतलं पावसाचं पाणी बाहेर जात नाही. १० हेक्टर वस्तीवर तासाला २५ मिमी पाऊस पडला तर २५ लाख लिटर. त्यातलं ६० टक्के वाहून आलं तरी १५ लाख लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वाचारशे लिटर. ते पाच मीटर उचलायचं तर ४० ते ४५ एचपीचा पंप लागतो. तोही डिझेलवर, कारण पुरात वीज आधी बंद करतात. आणि झडपेच्या अलीकडे कचरा अडवणारी जाळी, नाहीतर एक पोतं अडकलं की झडप अर्धी उघडी राहते आणि सगळा खर्च पाण्यात. तेव्हा झडप, जाळी, डिझेल पंप, आणि जून ते सप्टेंबर पंप चालवणारा माणूस, हा चौघांचा एकच प्रस्ताव मागा.

शेरी नाल्यासारख्या सांडपाण्याच्या विषयात बांधकामाचे कागद मागून उपयोग नाही. बांधलेलं असतंच. पंपाचं लॉगबुक आणि त्या मीटरचं बारा महिन्यांचं वीजबिल मागा. लॉगबुकात २० तास आणि बिलात ४ तासांची वीज, असं निघालं तर पुढचं पत्र आपोआप लिहिलं जातं.

विश्रामबाग_परत

निळी रेषा-लाल रेषेचं पण लिहा ना.

गावभाग

थोडक्यात : निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. नदी ते निळी रेषा बांधकामाला मनाई, निळी ते लाल अटींवर. आपल्या भागाचा नकाशा पाटबंधारे आणि नगररचना दोघांकडे मागून दोन्ही एकावर एक ठेवा. दोघांचे नकाशे जुळले तर कळवा.

वाळवा_खोडवा

गावाकडचं पण घ्या. आमच्या ऊसपट्ट्यात हवामानाची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे पाचट (ऊस तोडल्यावर शेतात उरणारा वाळका पाला) न जाळणं.

हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. शिफारस टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. दहा टनांना ८० किलो, १०० किलो आणि १० किलो. पाचट सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, खत टाकून लगेच पाणी. फसतं कुठे? संवर्धक कोरड्या पाचटावर टाकून आठ दिवस पाणी नाही, जिवाणू उन्हात मेले. किंवा युरिया वाचवला, मग कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात, खोडवा (बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो आणि माणूस म्हणतो पाचटाने ऊस बसला. नंतरचं खत वरून फेकायचं नाही, पहारीने भोक पाडून बुडाशी द्यायचं. पाणी पुढे सरकत नसेल तर पाचट एक आड एक सरीत ठेवावं.

एवढं माहीत असूनही लोक जाळतात, कारण शेजारच्याने जाळलं की आपलं पण पेटतं, आणि कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळत नाही. म्हणून मागणी उपदेशाची नको, यंत्राची हवी. पाचट कुट्टी यंत्र विकास सोसायटीच्या अवजार बँकेत, भाड्याने, नोव्हेंबर ते मार्च. ग्रामसभेत ठराव घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिथे विषयपत्रिकेबाहेरचं काही येत नाही. म्हणून विषय नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या, आणि सभा संपल्यावर इतिवृत्तात ठराव शब्दशः उतरला का ते त्याच दिवशी वाचा. 'चर्चा करण्यात आली' असं असेल तर तो ठराव नाही.

तोडणीआधी फड पेटवायचा विषय कारखान्याचा आहे, ग्रामपंचायतीचा नाही. सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, सभासदाने लेखी प्रश्न नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यायचा : मागच्या हंगामात जळीत उसाचं टनेज किती, कपात किती कापली, आणि ती रक्कम कुठे गेली. कपात शेतकऱ्याच्या बिलातून आणि पेटवणारी टोळी, हा न्याय बरा आहे.

कुपवाड_नाका

बरं, मानलं. हा मसुदा बघा : 'महोदय, कुपवाड परिसरात बससेवेची दुरवस्था असून विद्यार्थी, महिला, ज्येष्ठ व कामगारांचे अतोनात हाल होत आहेत. तरी हवामान बदलाचे गांभीर्य ओळखून फेऱ्या वाढवाव्यात, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.'

भारमान

अतोनात, दुरवस्था, गांभीर्य, तीव्र काढा. मग असं होतं :

'विषय : कुपवाड-मिरज मार्गावरील सकाळची फेरी २० मिनिटे अलीकडे घेणेबाबत. सध्याची वेळ अमुक. सोबतच्या तक्त्यानुसार चार दिवसांत या फेरीला सरासरी इतके प्रवासी उभे व इतके थांब्यावर राहिले. औद्योगिक वसाहतीची पाळी अमुक वाजता सुरू होत असल्याने २० मिनिटे अलीकडे घेतल्यास परतीच्या फेरीलाही पाळी सुटलेले कामगार मिळतील व दोन्ही दिशांचे भारमान वाढेल. जादा किलोमीटर शून्य. प्रायोगिक तत्त्वावर एक महिना राबवून मशीनवरील आकडे पाहावेत.'

परतीचं वाक्य घालण्याआधी पाळी सुटायची वेळ गेटवर जाऊन खरी करून घ्या. 'प्रायोगिक तत्त्वावर' हे शब्द ठेवाच, त्यावर सही करणं अधिकाऱ्याला सोपं जातं. एक महिन्यात गाडी भरली तर ती बंद करणं अवघड.

फीडर_पिलर

सह्या कमी चालतील, पण त्या फेरीने खरंच जाणाऱ्यांच्या हव्यात. सहीपुढे चढायचा थांबा आणि उतरायचा थांबा असे दोन रकाने घाला.

कोर्ट_फी

आणि पोच घेताना नुसता गोल शिक्का पुरत नाही. आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही दुसऱ्या प्रतीवर घ्या, तक्त्याच्या प्रत्येक पानावर सुद्धा शिक्का. नाहीतर महिन्याने अर्ज सापडतो आणि 'सोबत जोडपत्र नव्हते' असं उत्तर येतं.

कुपवाड_नाका

मोजणीला मंगळवारपासून बसतोय. नाक्यावर संध्याकाळच्या वेळेला एक माणूस कमी आहे, कोणी येणार असेल तर इथेच लिहा.